रांग, चिठ्ठी आणि मान

अरुंद वाटेवरून एका दिवसात किती माणसे सुखरूप वर जाऊन खाली येऊ शकतात, याला मर्यादा असते. ती ओलांडली की काय होते, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातल्या मांढरदेवीच्या डोंगरावर पाहिले. शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत काळूबाईच्या देवळाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या पायवाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून अधिक भाविकांचा जीव गेला. त्याआधी ऑगस्ट १९९६ मध्ये अमरनाथच्या वाटेवर हिमवादळात सापडून जवळपास तितकेच यात्रेकरू दगावले होते. त्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंची संख्या बांधून द्यावी असे सुचवले, आणि आज त्या वाटेवर तारीख व मार्ग नोंदवलेल्या परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर प्रश्न फुलांच्या जिवाचा होता. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचा जागतिक वारशात समावेश झाला, गर्दी वाढली, झाडोरा तुडवला जाऊ लागला, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत रोज ३,००० पर्यटकांची मर्यादा व आगाऊ नोंदणी आली.

किती माणसे सोडायची हे डोंगर, हवामान आणि झाडोरा जाणणारे सांगू शकतात. ती कोणती माणसे असावीत, हे सांगणे त्यांच्या विद्येच्या बाहेरचे आहे. तो न्यायाचा प्रश्न आहे, आणि वाट एखाद्या देवस्थानाकडे जात असेल तर धर्माचाही. देवाच्या दारी सगळे सारखे, असे मानणाऱ्या समाजाला दारापाशी जागाच कमी पडली की ठरवावेच लागते: सारख्यांपैकी आत कोणी जायचे आणि बाहेर कोणी थांबायचे? ट्रेकरांसाठी परवान्याची पद्धत आखणाऱ्या वनाधिकाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो. मराठी मुलखात तो यात्रांच्या निमित्ताने फार आधीपासून सोडवला जात आला आहे, आणि त्याची तीन-चार निरनिराळी उत्तरे आजही शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

सर्वांत जुने उत्तर मानाचे. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगाव आहे. तिथली खंडोबाची यात्रा घोडे, गाढवे आणि इतर जनावरांच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. यात्रेची सुरुवात देवस्वारीने आणि पालखीने होते, आणि ठरलेल्या मानकऱ्यांचा सन्मान केला जातो. बाजाराचे मैदान मोठे आहे, तिथे येणाऱ्याला कोणी अडवत नाही. अपुरी असते ती पालखीजवळची जागा, आणि ती पूर्वापार घराण्यांकडे चालत आली आहे. या पद्धतीत दरवर्षी भांडण होत नाही, जबाबदारी कोणाची ते ठाऊक असते, आणि परंपरेला सांभाळणारे हात मिळतात. मिरवणुकीतल्या जागेपुरते हे चालून जाते. पण देवापर्यंत पोचण्याची वाटच घराण्याच्या हाती गेली, तर जन्माने मिळालेला मान इतरांच्या वाटेतला अडसर होतो. पंढरपुरात बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने संपवले. त्यावरचा न्यायालयीन वाद चार दशके चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. आज एखाद्या गडाच्या वाटेचे परवाने काही ठरावीक संस्थांना किंवा सहल कंपन्यांना वर्षानुवर्षे राखून दिले जातात, तेव्हा जुने वतनच नव्या नावाने परत येत असते. एकदा मिळालेला वाटा आपोआप पुढे चालू राहतो, आणि नव्याने येणाऱ्याला तो मागायलाही जागा उरत नाही.

दुसरे उत्तर रांगेचे. बहुतेकांच्या मनात न्याय म्हणजे रांगच असते, आणि तिच्यातले नैतिक बळ खरेच मोठे आहे. रांगेत जात, हुद्दा, संपत्ती यांना जागा नाही. आधी आला तो आधी जाईल एवढाच नियम, आणि तो उभे असलेल्या प्रत्येकाला डोळ्यांनी तपासता येतो. आषाढीला पंढरपूरची दर्शनरांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते. पदस्पर्श दर्शनासाठी वीस-वीस तास उभे राहावे लागते. या काळात मंदिर आपल्या बाजूने एक विलक्षण गोष्ट करते. विठोबाचा पलंग काढला जातो, म्हणजे देवाची शेज आणि रोजचे विश्रांतीचे उपचार थांबतात आणि दर्शन चोवीस तास चालू राहते. यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजा होते आणि मगच देवाचा नित्यक्रम पूर्ववत होतो. वाटणीचा विचार करणाऱ्याने यातून घेण्यासारखे बरेच आहे. कोणाला किती द्यायचे हे ठरवण्याआधी, देण्याजोगे वाढवता येईल का हे पाहावे, आणि त्याची झळ देवस्थानाने स्वतः सोसावी. डोंगराच्या वाटेवर हे नेहमी जमत नाही, कारण डोंगराला रात्रपाळी लावता येत नाही. पण दुसरी वाट खुली करणे, आठवड्यातल्या रिकाम्या दिवसांकडे लोकांना वळवणे, उतरण्यासाठी वेगळा मार्ग ठेवणे हे त्याच जातीचे उपाय आहेत.

रांगेची किंमत वेळेत मोजली जाते, आणि वेळ सर्वांना सारख्या भावाने मिळत नाही. लोह्याहून पंढरपूर जवळपास तीनशे किलोमीटर आहे. मृग-आर्द्रात पाऊस वेळेवर झाला तर पेरणी उरकून माणूस निश्चिंतपणे दिंडीत जातो. पाऊस लांबला तर सोयाबीन-कापसाची पेरणी आणि वारी एकाच पंधरवड्यात येतात. मग वीस तास उभे राहणे पगारी नोकरदाराला एका रजेत पडते. शेतमजुराची मजुरी बुडते, आणि ज्याची पेरणी साधायची असते त्याचा हंगामच पणाला लागतो. म्हाताऱ्या बाईला, बाळंतिणीला, पायाने अधू असलेल्याला तर ती किंमत कितीही इच्छा असली तरी चुकवता येत नाही.

यावर वारकऱ्याचे उत्तर असे की वाट पाहणे ही किंमत नाहीच. रांगेत भजन चालते, हरिपाठ होतो, ओळख नसलेली माणसे एकमेकांची पिशवी सांभाळतात. दर्शनाला सुरुवात रांगेतच झालेली असते. हे उत्तर मनापासूनचे आहे आणि त्याला वजन आहे. भक्तीच्या व्यवहारात थांबण्याची तयारी ही ओढीची खूण मानली, तर जास्त ओढ असणारा आधी जावा, हे अन्यायाचे वाटत नाही. पण ही खूण तेव्हाच खरी ठरते जेव्हा थांबणे सर्वांना सारखेच परवडते. एरवी रांग ओढ मोजता मोजता सवडही मोजून बसते, आणि दोन्हींतला फरक बाहेरून ओळखता येत नाही.

मागणाऱ्यांची गरज कमी-जास्त असेल तर रांग आणखी अपुरी पडते. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहरात पाण्यासाठी एवढी झुंबड उडाली की मार्चमध्ये पाणवठे आणि टाक्यांच्या परिसरात १४४ कलम लावून पाचपेक्षा अधिक लोकांच्या जमावाला बंदी करावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तिथे आधी आलेल्याची गरज नंतर आलेल्यापेक्षा मोठी होती, असे कोणी म्हणू शकत नव्हते. पाण्याच्या बाबतीत महाराष्ट्राला याहून शहाणी पद्धत ठाऊक होती. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर नव्हता. तो घरातल्या माणसांच्या संख्येवर होता, भूमिहीनांनाही होता, आणि उसाला पाणी द्यायचे नाही असे ठरले होते. जे माणशी वाटता येते ते माणशी वाटावे. डोंगरवाटेचा परवाना, गाभाऱ्यातले क्षण किंवा यात्रेच्या तुकडीतली जागा यांचे असे तुकडे पडत नाहीत. अर्धा माणूस वर पाठवता येत नाही, म्हणून या वाटणीला दुसरी पद्धत लागते.

रांगेचे नवे रूप म्हणजे आगाऊ ऑनलाइन नोंदणी. दिसायला ती रांगेपेक्षा सोपी: उन्हात उभे राहणे नाही, धक्काबुक्की नाही. पण ठरलेल्या वेळी संकेतस्थळ उघडायचे आणि जागा भरताच बंद व्हायचे, ही खरे तर वेगाची शर्यत आहे. चांगले नेट, सरावलेली बोटे आणि कामाच्या वेळेत मोकळा मोबाइल ज्याच्याकडे आहे तो ती जिंकतो. लोह्यासारख्या गावात अनेकांचा अर्ज सेवा केंद्रातल्या चालकाच्या हातून जातो. तिथे आधीच दाखल्यांसाठी माणसे बसलेली असतात, ओटीपी येतो तो घरी राहिलेल्या मुलाच्या फोनवर. पत्राशेडातल्या रांगेत हा माणूस निदान दिसतो, त्याच्या पुढे कोणी घुसला तर चार माणसे ओरडतात. पडद्यावरच्या रांगेत तो दिसतच नाही, आणि आपण नेमके कशामुळे मागे राहिलो हे त्यालाही कळत नाही. ऑनलाइन नोंदणीत ‘आधी येईल त्याला आधी’ हा नियम समतेचा मानला जातो तो केवळ जुन्या रांगेच्या पुण्याईवर.

किमतीच्या उत्तराबद्दल फार बोलण्याची गरज नाही. जास्त पैसे देणाऱ्याला आधी सोडले, तर ज्याची ओढ मोठी तोच जास्त देईल, असे अर्थशास्त्राच्या भाषेत म्हणता येते. पण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची ओढ या मापात शून्य भरते. मायकल सँडेल यांनी ‘व्हॉट मनी कान्ट बाय’ या २०१२ च्या पुस्तकात अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानातल्या तंबूंच्या जागांचा काळाबाजार आणि पोपच्या प्रार्थनासभेच्या तिकिटांची विक्री ही उदाहरणे घेतली आहेत. त्यांचा आक्षेप गरिबाला परवडत नाही एवढाच नाही. काही गोष्टी विकायला काढल्या की त्या गोष्टी म्हणून उणावतात, असेही त्यांचे म्हणणे आहे. सशुल्क ‘व्हीआयपी’ दर्शनाने श्रद्धावानाच्या मनाला जी टोचणी लागते ती याच ठिकाणी. वाट राखण्याचा खर्च भागावा म्हणून सर्वांना सारखे, झेपेल असे शुल्क लावणे ही वेगळी गोष्ट आहे. शुल्काने देखभाल करावी. माणसे निवडण्याचे काम त्याच्याकडे देऊ नये.

उरते चिठ्ठी. आषाढीच्या शासकीय महापूजेत मुख्यमंत्र्यांबरोबर एका वारकरी दांपत्याला पूजेचा मान मिळतो. निवड कशी होते? पहाटे पूजेसाठी दर्शन थांबवले जाते, आणि त्या वेळी रांगेत सर्वांत पुढे जे जोडपे असते ते मानाचे वारकरी ठरते. ही पद्धत वरवर रांगेची वाटते, पण आपण नेमके त्या क्षणी दाराशी पोचू असा हिशेब कोणत्याही वारकऱ्याला करता येत नाही. रांगेत उभे राहण्याने पात्रता येते. निवड योगायोग करतो. २०२० च्या आषाढीला करोनामुळे रांगच नव्हती, मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपुरात आल्या. तेव्हा मंदिरात पहारा देणाऱ्या विणेकऱ्यांमधून ईश्वरचिठ्ठी काढून एकाची निवड झाली. जे आधी झाकलेले होते ते त्या वर्षी उघडपणे केले गेले, आणि त्याने मानाला कमीपणा आला असे कोणाला वाटले नाही.

कैलास-मानसरोवराची यात्रा हे डोंगरवाटेच्या परवान्याचे आणि तीर्थयात्रेचे एकत्र उदाहरण. पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा ५,५६१ अर्ज आले आणि ७५० जणांची निवड परराष्ट्र मंत्रालयाने संगणकीय सोडतीने केली. लिपुलेखमार्गे ५० जणांच्या पाच तुकड्या, नाथू-लामार्गे ५० जणांच्या दहा. वय १८ ते ७०, आणि दिल्लीतली वैद्यकीय तपासणी प्रत्येकाला बंधनकारक.

चिठ्ठी न्याय्य का, याचे नेमके उत्तर ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन ब्रूम यांनी १९९० मध्ये न्याय्यतेवरच्या लेखात दिले. त्यांच्या मते न्याय्यता म्हणजे प्रत्येकाच्या हक्काची पूर्तता त्या हक्काच्या बळाच्या प्रमाणात होणे. वस्तू वाटता येत नसेल आणि हक्क सारखे असतील, तर वस्तू एकालाच मिळणार. पण ती मिळण्याची संधी सारखी वाटता येते. चिठ्ठी ती संधी वाटते. ज्याला जागा मिळाली नाही त्याच्या हक्काचीही दखल घेतली गेली, एवढे तरी ती करते.

इथे धर्माचा एक नाजूक प्रश्न येतो. ईश्वरचिठ्ठी म्हणताना देवानेच निवड केली असा भाव असतो. कोकणातल्या देवळांत कौल लावतात तेव्हा प्रश्न देवाला विचारलेला असतो आणि उत्तर त्याचे मानले जाते. परवान्याच्या सोडतीलाही तसेच मानले, तर एक अवघड निष्कर्ष निघतो: ज्याचे नाव आले नाही त्याला देवाने नाकारले. ४,८११ जणांना मानसरोवराने परत पाठवले, असे श्रद्धेनेही म्हणणे कठोर आहे. त्यापेक्षा उलट वाचन अधिक दयाळू आणि अधिक धार्मिक वाटते. चिठ्ठीचे बळ ती कोणाची पारख करत नाही यातच आहे. मान म्हणतो, तुझे घराणे नाही. किंमत म्हणते, तुझी ऐपत नाही. मुलाखत म्हणते, तुझी योग्यता नाही. चिठ्ठी कोणालाही काही म्हणत नाही. जो मागे राहिला तो कशात कमी पडला म्हणून नव्हे, आणि जो पुढे गेला त्याला गर्व करण्याजोगे काही हाती लागत नाही. देवापुढे सगळे सारखे, या श्रद्धेला प्रशासनात उतरवायचे तर याहून सरळ रीत सापडणे कठीण आहे. शिवाय अर्जाची मुदत आठ-पंधरा दिवस ठेवून शेवटी सोडत काढली, तर पहिल्या मिनिटाला अर्ज केलेला आणि शेवटच्या दिवशी सेवा केंद्रात जाऊन केलेला, दोघांच्या चिठ्ठ्या एकाच मडक्यात पडतात.

मडके मात्र कोणासाठी उघडे आहे, हे चिठ्ठी सांगत नाही. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या, परांतक चोळाच्या काळातल्या शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्या निवडण्याची ‘कुडवोलै’ पद्धत कोरलेली आहे. नावे ताडपत्रांवर लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाने हात घालून काढायची, असा तो विधी. त्यातली काळजी थक्क करणारी आहे. पण मडक्यात नाव पडण्यासाठी स्वतःची करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवर घर, वेदविद्येचे ज्ञान असावे लागे. बाकीच्यांच्या नावाचे पान कोणी कापलेच नव्हते. पंढरपुरातही हेच घडले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांना देऊळ बंद राहिले; त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. रांगेचा नियम कितीही सरळ असो, रांगेत उभे राहण्याचा अधिकारच नसेल तर त्या सरळपणाला अर्थ नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले ते रांगेच्या क्रमासाठी नव्हते, दलितांना रांगेत येता यावे यासाठी होते. अलीकडचे उदाहरण ट्रेकच्या वाटेवरचेच आहे. केरळमधल्या अगस्त्यकूडम शिखरावर हंगामात मोजक्याच लोकांना परवाना मिळतो, आणि स्त्रियांना तो नाकारला जाई. केरळ उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर जानेवारी २०१९ मध्ये धन्या सनल यांनी शिखर गाठले. त्या डोंगराला पूजनीय मानणाऱ्या काणी आदिवासींचा मात्र या चढाईला विरोध होता. तिथे दोन हक्क समोरासमोर आले. बाहेरच्यांपैकी स्त्री आणि पुरुष असा भेद टिकण्यासारखा नव्हता. पण डोंगराच्या पायथ्याशी पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचा हक्क बाहेरच्यांच्या हक्काहून वेगळ्या जातीचा आहे, आणि तो सोडतीत टाकता येत नाही. वाटेवर किती माणसे यावीत हे ठरवतानाच त्यांचे म्हणणे ऐकायला हवे.

हक्क सारखे नसतील तर चिठ्ठीला वजन द्यावे लागते. मानसरोवराच्या निवडीत पूर्वी न गेलेल्यांना प्राधान्य देण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. दुसऱ्यांदा जाणाऱ्याची ओढ खोटी नसते, पण त्याच्या हक्काची पूर्तता एकदा झालेली असते. हज समितीच्या ‘कुर्रा’ सोडतीत राज्यांचा वाटा मुस्लिम लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतो, वृद्धांसाठी राखीव वर्ग असतो, आणि काही वर्षे असाही नियम होता की सलग तीन वेळा नाव न लागलेल्याला चौथ्या वर्षी हमखास जागा मिळावी. २०१८ पासूनच्या धोरणात हा शेवटचा नियम गेला. त्यामागचा पेच समजण्याजोगा आहे: हमखास जागा मिळणाऱ्यांची संख्या साठत गेली की नव्याने अर्ज करणाऱ्यांसाठी सोडतीत काहीच उरत नाही, आणि चिठ्ठीची पुन्हा रांग होते, फक्त वर्षांची. हमी देण्याऐवजी प्रत्येक हुकलेल्या वर्षाला एक जादा चिठ्ठी टाकणे हा मधला मार्ग आहे. त्याने वाट पाहणाऱ्याची संधी वाढते आणि नवख्याची शून्यावर जात नाही. एकत्र जाणाऱ्यांना एकच चिठ्ठी असावी, हेही तितकेच महत्त्वाचे. नवरा-बायकोपैकी एकाचे नाव निघाले किंवा म्हाताऱ्या आईचे निघाले आणि सोबतच्या मुलाचे नाही, तर ती जागा मिळूनही हातची जाते.

वारकरी परंपरेने या साऱ्या प्रश्नाला आणखी एक उत्तर दिले आहे, आणि ते वाटणीच्या पलीकडचे आहे. पदस्पर्शाची रांग झेपत नसेल तर मुखदर्शन घ्यावे. तेही नाही तर नामदेव पायरीला डोके टेकवावे. गर्दीत तिथवरही पोचता आले नाही तर कळसाचे दर्शन घेऊन फिरावे, आणि वारी पूर्ण झाली असे मानावे. लाखो माणसे दरवर्षी असेच करतात. ज्याची टंचाई आहे त्या वस्तूवरच सगळे मूल्य लादायचे नाही, ते भोवतालच्या परिसरात पसरून ठेवायचे, अशी ही शिकवण आहे. ट्रेकच्या जगाला तिची गरज आहे. पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी लोहगडावर माणसे तासन्‌तास अडकून पडतात, आणि त्याच दिवशी कंधारचा किल्ला, माहूरगडाच्या तटाकडची वाट पुष्कळदा मोकळी असते. पण या शिकवणीचा उपयोग कोणी करायचा याला बंधन आहे. कळसदर्शनाने समाधान मानणे हे वारकऱ्याने स्वतः निवडायचे असते. ज्याला पुढच्या दाराने विनारांग प्रवेश मिळतो त्याने ते मागच्याला सांगणे, किंवा ज्यांना देऊळच बंद होते त्यांना पायरीचे माहात्म्य ऐकवणे, हा त्या शिकवणीचा दुरुपयोग आहे, आणि तो इतिहासात झालेला आहे.

शेवटी काही बाबी पद्धतीच्या तपशिलाच्या आहेत, पण न्याय बराचसा त्यांच्यावरच टिकतो. परवाना नावाचा असावा आणि तो दुसऱ्याला देता येऊ नये, नाहीतर सोडतीमागे बाजार उभा राहतो. रद्द करणाऱ्याला पैसे परत मिळावेत, म्हणजे तो वेळेत रद्द करील आणि जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जाईल. सोडत लोकांसमोर काढावी आणि एकूण अर्ज, निवड, राखीव जागा यांचे आकडे जाहीर करावेत. शिफारशीच्या चिठ्ठीसाठी राखून ठेवलेली एकही जागा असू नये. असलीच तर तीही त्याच यादीत लिहिलेली असावी. आणि रोजच्या संख्येतला काही भाग पायथ्याशी येऊन नाव देणाऱ्यांसाठी वेगळा ठेवावा, सकाळी तिथेच चिठ्ठी काढून. लोह्याहून रात्रीच्या एसटीने निघालेल्या, मोबाइलवर नोंदणी न जमलेल्या माणसाचे नावही मग त्या दिवसाच्या मडक्यात असेल.